पाच ओळी आणि न लिहिलेली वाक्यं

क्ष ही धन वास्तव संख्या असेल, तर क्ष + १/क्ष ≥ २ हे सिद्ध करा. चार गुणांचा प्रश्न. चाचणीच्या गठ्ठ्यातल्या एका पेपरात त्याचं उत्तर असं होतं:

क्ष + १/क्ष ≥ २
∴ क्ष² + १ ≥ २क्ष
∴ क्ष² − २क्ष + १ ≥ ०
∴ (क्ष − १)² ≥ ०
हे सत्य आहे. ∴ सिद्ध झाले.

मी २ गुण दिले, समासात "दिशा चुकली" एवढंच लिहिलं आणि पुढचा पेपर उचलला. पेपर परत दिल्यावर जे घडलं, त्यामुळे हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला. तक्रारीचा सूर नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. "मॅडम, दिशा चुकली म्हणजे काय? तुम्ही फळ्यावर असंच केलं होतं." मी म्हटलं, असं नव्हतं केलं. त्याने फोन पुढे धरला. हे उदाहरण झालं त्या दिवशी तो गैरहजर होता. मित्राने फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, त्यावरून त्याने अभ्यास केला होता. फोटोत माझं अक्षर होतं आणि त्याच पाच ओळी होत्या. त्याने एक खूणसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती.

मला तो तास चांगला आठवत होता. शेवटच्या ओळीवर आल्यावर मी म्हटलं होतं, "हा झाला शोध. आता सिद्धता म्हणून हेच खालून वर वाचायचं. प्रत्येक पायरी उलटी फिरते का बघा. क्ष धन आहे, म्हणून फिरते." हे बोलताना माझा हात खालच्या ओळीपासून वरच्या ओळीपर्यंत गेला होता. समोर बसलेल्यांनी ते ऐकलं आणि पाहिलं. फोटोत हाताचा प्रवास येत नाही आणि बोललेलं तर नाहीच नाही. खरी सिद्धता त्या तीन-चार वाक्यांत होती, आणि नेमकी तीच वाक्यं फळ्यावर नव्हती. फळ्यावर राहिलं होतं ते कच्चं काम.

त्या दिवशी हजर असलेल्यांचे पेपर मी पुन्हा काढून पाहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी हेच लिहिलं होतं. ऐकलेलं ऐकण्यापुरतं आणि फळ्यावरचं वहीत उतरवण्यासाठी, अशी मुलांच्या मनात स्वच्छ वाटणी असते. चार महिन्यांनी अभ्यासाला बसताना हाताशी फक्त वही असते. म्हणजे गैरहजर एकच जण होता, पण परीक्षेच्या आदल्या रात्री सगळेच त्या तासाला गैरहजर असल्यासारखे होते.

चूक नेमकी कुठे

त्याला समजावताना मी आधी एक ठरलेलं उदाहरण दिलं. −३ ≥ २ असं लिहा. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, ९ ≥ ४. हे सत्य आहे, म्हणून −३ ≥ २ सिद्ध झालं. खोट्यापासून निघून खऱ्यावर पोचता येतं, त्यामुळे शेवट खरा निघाला यावरून सुरुवात खरी ठरत नाही, हे त्यातून दिसतं. तो म्हणाला, "पण मी दोन्ही बाजूंचा वर्ग केलेलाच नाही. माझ्या पायऱ्या बरोबर आहेत." त्याचं म्हणणं योग्य होतं. दुसऱ्या उत्तरातली चूक दाखवून त्याच्या उत्तरातली चूक कशी दिसणार?

मग त्याच्याच पाच ओळींत क्षच्या जागी −१ ठेवायला सांगितलं. पहिली ओळ झाली −२ ≥ २, खोटी. दुसरी २ ≥ −२, खरी. तिसरी ४ ≥ ०, खरी. चौथीही तीच. त्याने पेन्सिलीने प्रत्येक ओळीसमोर बरोबर-चूक अशी खूण केली आणि पहिल्या व दुसऱ्या ओळीच्या मध्ये पेन्सिल थांबवली. "इथे क्षने गुणलंय." हो. क्ष ऋण असेल तर गुणताना असमानतेचं चिन्ह उलटतं. क्ष धन असेल तर उलटत नाही, आणि खालून वर येताना क्षने भागलं तरी उलटत नाही. प्रश्नात 'धन' हा शब्द होता तो याच एका पायरीसाठी. त्याच्या उत्तरात तो शब्द कुठेही आलेला नव्हता.

तेव्हापासून मी एक कसोटी लावते. प्रश्नातली प्रत्येक अट उत्तरात कुठे वापरली, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. दाखवता आलं नाही, तर एक तर अट जास्तीची आहे किंवा उत्तरात काहीतरी लिहायचं राहिलं आहे. शाळेच्या गणितात बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं.

त्या तीन टिंबांबद्दलही बोलायला हवं. ∴ म्हणजे 'म्हणून'. योहान रान याने १६५९ साली छापलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात ते याच अर्थाने वापरलं होतं. आपल्या वह्यांत मात्र ते नव्या ओळीची खूण होऊन बसलं आहे. ओळ बदलली की ∴. या मुलाला म्हणायचं होतं की खालची ओळ खरी, म्हणून वरची खरी. कागदावरचं चिन्ह सांगत होतं की वरची खरी, म्हणून खालची खरी. त्याचं उत्तर अक्षरशः वाचलं तर त्यातून एवढंच सिद्ध होतं, की क्ष + १/क्ष ही राशी २ किंवा त्याहून मोठी असेल तर (क्ष − १) चा वर्ग ऋण नसतो. विधान खरं आहे, पण वर्ग तर तसाही ऋण नसतो.

मी त्याला भूमितीची वही आणायला सांगितली. तीत सगळं जिथल्या तिथे होतं. पक्ष, साध्य, सिद्धता, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. साध्य वेगळं लिहिलेलं, त्यामुळे त्याचा आधार घेऊन पुढे जायचं नाही हे दिसतंच. तोच मुलगा, तीच शिस्त, आणि बीजगणितात आल्यावर ती कुठे गेली? मला वाटतं, समीकरण सोडवण्याच्या सवयीत गेली. समीकरण सोडवताना आपण समीकरणच पहिल्या ओळीत लिहितो आणि खाली खाली जातो. तिथे ते योग्यच आहे, कारण आपण म्हणत असतो, 'समजा क्षची अशी किंमत आहे, तर ती कोणती असेल?' आणि शेवटी किंमत मूळ समीकरणात ठेवून ताळा पाहतो. सिद्धतेची मांडणी दिसायला अगदी तशीच असते, पण तिचं काम वेगळं असतं. एकाच आकाराच्या मजकुराकडून दोन वेगळी कामं आपण वर्षानुवर्षं करून घेतो आणि फरक तोंडी सांगतो.

ग्रुपवरची संध्याकाळ

एवढं बोलणं झाल्यावर प्रकरण मिटलं असं मला वाटलं. त्याच संध्याकाळी त्याने ग्रुपवर विचारलं:

"क्ष+१ / क्ष >= २ सिद्ध करताना दुसऱ्या ओळीत क्ष२+१ >= २क्ष लिहिलं, तर ते उलट वाचायचं म्हणजे कसं?"

पहिलं उत्तर आलं: "विधानच चुकीचं आहे. क्ष = २ घे. ३/२ म्हणजे १.५ येतं. ते २ पेक्षा कमी आहे." दुसऱ्याचं उत्तर: "दुसऱ्या ओळीत दोन्हीकडे २क्ष आहे, तो गेला की १ >= ० राहतं. एवढ्यात संपलं की. पुढे कशाला जायचं?" मग तिघांचा वाद सुरू झाला आणि बराच वेळ चालला. प्रत्येक जण आपला हिशोब पुन्हा पुन्हा लिहीत होता आणि प्रत्येकाचा हिशोब बरोबर होता.

मी ते सगळं सावकाश वाचलं. तिघे तीन वेगळ्या विधानांबद्दल बोलत होते. पहिल्याने (क्ष + १)/क्ष वाचलं होतं. दुसऱ्याने क्ष२ म्हणजे क्ष गुणिले २ असं धरलं होतं. ज्याने विचारलं होतं, त्याच्या मनात फळ्यावरचा आडव्या रेघेचा अपूर्णांक आणि डोक्यावर बसलेला २ होता. हे मनात होतं, मजकुरात नव्हतं.

भागाकार बेरजेच्या आधी करायचा हा नियम लावला, तर पहिल्याचं वाचन चूक ठरतं. पण डोळा नियमाच्या आधी मोकळी जागा पाहतो. 'क्ष+१' चिकटून लिहिलं आणि भागाकाराच्या तिरक्या रेघेभोवती जागा सोडली, की क्ष आणि १ एका गटातले वाटतात. नियमाच्या दृष्टीने मोकळ्या जागेला काहीच अर्थ नाही, वाचणाऱ्याच्या दृष्टीने खूप आहे. कागदावरची आडवी रेघ हे काम न सांगता करते. रेघेच्या वर जे काही आहे ते सगळं एका कंसात, खाली आहे ते दुसऱ्या कंसात. अपूर्णांक एका ओळीत झोपवला की रेघेतले हे अदृश्य कंस हाताने परत घालावे लागतात.

वर्गाच्या २ चं दुखणं जुनं आहे. देवनागरी अंकांना घातांकासारखं वर बसणारं साधं रूप यूनिकोडमध्ये नाही. अक्षराच्या डोक्यावर चढणारे देवनागरी अंक आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरलेखनासाठी आहेत. म्हणून या लेखातही मी ² हे उसनं चिन्ह वापरलं आहे. फोनवर घाईत टाइप करणारा हे करत नाही. तो क्ष२ लिहितो आणि मोकळा होतो.

जुन्या लेखनपद्धती पाहिल्या की यातलं काय टिकतं आणि काय गळतं ते छान दिसतं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे १२व्या शतकात, अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत, आणि लिहिताना त्यांची आद्याक्षरं घेतली आहेत: या, का, नी, पी. 'या'चा वर्ग लिहायचा तर पुढे वर्गाचा 'व' जोडून 'याव'. हा 'व' ओळीतच आहे. नक्कल करणारा कितीही घाईत असला, तरी तो घसरून अंक होणार नाही. ऋण संख्येसाठी मात्र त्याच पद्धतीत अंकाच्या डोक्यावर टिंब दिलं जाई. नकलेत टिंब सुटलं, तर ऋणाचं धन झालं. आपल्या क्ष२ सारखंच हे. जे ओळीत आहे ते राहतं, जे ओळीच्या वर तरंगतं ते पहिल्यांदा हरवतं. रेने देकार्तने १६३७ साली घातांक वर लिहायची पद्धत छापून रूढ केली, पण वर्गासाठी तो बहुधा अक्षरच दोनदा लिहीत असे. फोनवरच्या मजकुरात 'क्ष × क्ष' लिहिणं आजही सगळ्यांत सुरक्षित आहे.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये टेक्स ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली, कारण आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांना बघवली नव्हती. टेक्समध्ये लिहिणारा घातांकाचं चित्र काढत नाही. हा घातांक, हा अंश, हा छेद असं तो शब्दांनी आणि कंसांनी सांगतो, आणि चित्र यंत्र काढतं. मला यातला 'सांगतो' हा भाग महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक मुलाने टेक्स शिकावं असा माझा आग्रह नाही, पण एका ओळीत टाइप करताना राशीची रचना सांगायची असते, दिसण्याच्या भरवशावर राहायचं नसतं, हे तरी प्रत्येकाला माहीत हवं. फळ्याचा फोटो टाकून ही अडचण टळते, पण दुसरी येते. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, त्यात दुरुस्ती करता येत नाही, आणि स्क्रीन रीडरवर ऐकून अभ्यास करणाऱ्याला तो नुसता एक फोटो असतो.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर सिद्धता टाकली नाही. फक्त विधान पुन्हा लिहिलं, आधी शब्दांत, मग चिन्हांत:

"एखादी धन संख्या आणि तिचा गुणाकार व्यस्त यांची बेरीज २ पेक्षा कमी कधीच नसते. म्हणजे क्ष + (१/क्ष) >= २, जिथे क्ष > ०. दुसरी ओळ: क्ष^२ + १ >= २ × क्ष."

"अच्छा, हे होय," असा पहिल्याचा निरोप आला. दुसऱ्याने आपला निरोप काढून टाकला. मला तो राहिलेला आवडला असता, कारण त्याच्या वाचनात काही खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशीचा तास

दुसऱ्या दिवशी त्याच पाच ओळी मी फळ्यावर परत लिहिल्या आणि जोड्यांना काम दिलं. आज न आलेल्या मित्राला फक्त हा फळा पाहून कळेल, असं हे लिहा. त्यातून तीन वेगळ्या मांडण्या आल्या, आणि तिन्हींवर बोलण्यासारखं होतं.

काहींनी ∴ च्या जागी दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण ⇔ घातला आणि वर 'क्ष > ० असल्यामुळे' असं लिहिलं. हे बरोबर आहे. तरीही हा मार्ग शिकवायला मी थोडी कचरते. दुहेरी बाण म्हणजे पायरी दोन्ही दिशांनी तपासली असल्याचा दावा. तो दर ओळीला सवयीने पडू लागला, की त्याचंही ∴ होतं.

बहुतेकांनी ओळी उलट्या लावल्या. एका जोडीने तर पूर्ण वाक्यांत लिहिलं:

"क्ष > ० आहे. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून (क्ष − १)² ≥ ०. विस्तार करून क्ष² + १ ≥ २क्ष. क्ष धन असल्यामुळे दोन्ही बाजूंना क्षने भागलं तरी असमानतेची दिशा बदलत नाही. म्हणून क्ष + १/क्ष ≥ २."

मला हे फार आवडलं. त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, (क्ष − १) चा वर्ग सुचला कसा? हे पाठ केल्यासारखं वाटतं. चुकीच्या उत्तरात निदान कसं सुचलं ते तरी कळत होतं."

या आक्षेपापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, आणि थांबायलाच हवं होतं. जे शोधायचं आहे तिथून मागे मागे जात माहीत असलेल्या गोष्टीपर्यंत पोचायचं आणि मग तीच वाट उलट चालून दाखवायची, या दोन हालचालींचं वर्णन अलेक्झांड्रियाच्या पॅपसने ४थ्या शतकात केलं आहे. पहिल्या हालचालीला आपण विश्लेषण म्हणू, दुसरीला संश्लेषण. युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथात वाचकाला दिसतं ते प्रामुख्याने संश्लेषण. प्रत्येक पायरी पटते, पण ती का घेतली हे उमजत नाही. आमच्या या मुलाने केलं होतं ते शुद्ध विश्लेषण, आणि ते उत्तम केलं होतं. त्याला शीर्षक मात्र सिद्धतेचं दिलं होतं. ती मुलगी मागत होती ते हेच, जे त्याच्याकडे आधीपासून होतं.

माझं मत असं झालं आहे की शिकवण्यासाठी लिहिलेल्या मजकुरात दोन्ही हवीत आणि त्यांना वेगवेगळी नावं हवीत. आम्ही 'शोध' आणि 'सिद्धता' ही नावं ठरवली. शोधात वाटेल तिथून सुरुवात करा, अंदाज करा, खोडा. सिद्धतेत फक्त पक्षापासून साध्याकडे. परीक्षेत शोध लिहिला नाही तरी चालेल, पण लिहिला आणि त्यावर 'शोध' असं नाव असेल, तर मी एकही गुण कापणार नाही, असं मी तिथेच सांगितलं.

तिसरी मांडणी त्याच मुलाची होती. त्याने सिद्ध करायच्या असमानतेला हातच लावला नाही. फरक काढला:

क्ष + १/क्ष − २ = (क्ष² − २क्ष + १)/क्ष = (क्ष − १)²/क्ष

खाली लिहिलं, "अंश वर्ग आहे, म्हणून ऋण नाही. छेद धन आहे. म्हणून अपूर्णांक ऋण नाही." मला विचाराल तर या प्रश्नाचं हे सगळ्यांत चांगलं लेखन आहे. बरोबरीला वर-खाली अशी दिशाच नसते, त्यामुळे दिशा चुकायची भीती नाही. धन ही अट कुठे लागली ते डोळ्यांना दिसतं, ती छेदात बसली आहे. बेरीज बरोबर २ कधी होते हेही न विचारता कळतं, कारण अंश शून्य होतो तो फक्त क्ष = १ असताना.

हीच मांडणी शेजारच्या बाकावरच्या वहीत गेली तेव्हा अशी झाली: क्ष + १/क्ष − २ = क्ष² − २क्ष + १ = (क्ष − १)² ≥ ०. छेद वाटेत गळाला. क्ष = २ ठेवून पाहायला सांगितलं, तर डावीकडे १/२ आणि उजवीकडे १. या मुलीला गणित येत होतं. मनात तिने क्षने गुणलं होतं आणि = हे चिन्ह 'पुढची पायरी' या अर्थाने टाकलं होतं. ३ + ४ = ७ × २ = १४ असं लिहिणारी लहान मुलं हेच करतात. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली हे चिन्ह पहिल्यांदा छापलं, तेव्हा दोन सारख्या समांतर रेघा निवडायचं कारणही दिलं होतं, की यांच्याहून जास्त समान अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत. हे ऐकून तिने आपल्या रेघांकडे पाहिलं आणि छेद परत आणला.

तासाच्या शेवटी दहा मिनिटं उरली. एकाने आपलं उत्तर वाचून दाखवायचं आणि जोडीदाराने न बघता लिहायचं, असं केलं. 'क्ष अधिक एक भागिले क्ष' ऐकून बऱ्याच जणांनी (क्ष + १)/क्ष लिहिलं. आदल्या संध्याकाळचा वाद तोंडी स्वरूपात पुन्हा झाला. मग मुलांनीच शब्द बदलले: 'क्ष, अधिक क्षचा गुणाकार व्यस्त'. आता सगळ्यांचं सारखं आलं. 'भागून', 'म्हणून', 'कारण', 'असल्यामुळे' असे शब्द ज्यांच्या उत्तरात होते, त्यांना वाचताना अडखळावं लागलं नाही. नुसत्या चिन्हांच्या ओळी वाचणारे दर ओळीला थांबून स्वतःचे शब्द घालत होते. जे शब्द वाचताना तोंडात आले, तेच लिहा, एवढंच मी त्यांना सांगितलं.

गुणांचा प्रश्न राहिला होता. ज्यांनी चुकीच्या दिशेचं उत्तर लिहिलं होतं, त्या सगळ्यांना मी ते पुन्हा लिहायला दिलं आणि नव्या लेखनावर गुण दिले. आधीचे २ गुण चूक नव्हते, कारण कागदावर जे होतं त्याची किंमत तेवढीच होती. पण कागदावर ते तसं येण्यात माझ्या फळ्याचा हात होता. आता डस्टर उचलण्याआधी मी फळ्याकडे एकदा फोटोच्या नजरेने पाहते आणि जे नुसतं बोलले त्यातलं निर्णायक वाक्य लिहून काढते. 'क्ष > ० म्हणून पायरी उलटी फिरते' एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. तासाला एखादं उदाहरण कमी होतं, ते मी मान्य केलं आहे.

आठवड्याभराने तो मुलगा एक कागद घेऊन आला. कुणी सांगितलेलं नव्हतं. वर पक्ष आणि साध्य. पक्ष: क्ष < ०. साध्याच्या पुढे आधी काहीतरी लिहून खोडलेलं. खाली 'शोध' असं शीर्षक आणि त्यात: "तोच फरक घेतला. छेद ऋण, म्हणून (क्ष − १)²/क्ष ≤ ०, म्हणून क्ष + १/क्ष ≤ २. हे खरं आहे, पण क्ष = −१ घेतलं तर −२ येतं. ते २ च्या खूप खाली आहे. मग २ वजा करण्याऐवजी मिळवून पाहिले." त्यानंतर 'सिद्धता':

क्ष + १/क्ष + २ = (क्ष + १)²/क्ष

"अंश ऋण नाही. छेद ऋण आहे. म्हणून उजवी बाजू ० पेक्षा जास्त नाही. म्हणून क्ष + १/क्ष ≤ −२."

मी समासात लिहिलं, "बरोबरी केव्हा?" आणि कागद परत दिला. दुसऱ्या दिवशी तो कागद माझ्या टेबलावर होता. माझ्या प्रश्नाखाली पेन्सिलीने एक ओळ होती: "क्ष = −१ असताना, आणि फक्त तेव्हाच, कारण अंश तेव्हाच ० होतो."